लाल चिंधीची कोंबडी

१२ जून

आत्या,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर आपली गाडी ‘जेवलीस का’ आणि ‘जेवले’ यांच्यापुढं जातच नाही, आणि मला जे सांगायचंय त्याला दोन पानं लागतील. हो, काम आहे म्हणूनच लिहितेय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू!

तू शेजारीपाजारी सांगत सुटतेस की आमची भिंगरी कोंबड्यांची डॉक्टर झाली. मी डॉक्टर नाही गं. आजारी कोंबडी समोर आणून ठेवलीस तर मला तुझ्या निम्म्यानंही कळणार नाही. आमच्या संशोधन केंद्रात मी देशी कोंबड्यांच्या जनुकांमधल्या खुणा शोधते. देशी कोंबडी काटक, आजाराला भीक घालत नाही, पण वर्षाला साठ-सत्तर अंडी झाली की तिचं संपलं. का, ते मी तुला शिकवायला नको. मध्येच खुडूक होते. अंग फुलवून बसून राहते, पोटाखाली अंडं असो नाहीतर दगड, आणि बसली की घालणं बंद. पण सगळ्याच सारख्या खुडूक होत नाहीत. काही जणींच्या जनुकात एक बारीकशी खूण असते, त्या कमी बसतात आणि जास्त घालतात. ती खूण पिसाच्या मुळातसुद्धा सापडते. म्हणजे तलंग अजून अंड्यावर आलेली नसतानाच सांगता येईल की ही घालणारी निघणार की बसणारी.

पण हे खरं ठरायला घराघरांतल्या कोंबड्यांची वर्षभराची नोंद हवी. कुठलीनं कुठल्या दिवशी अंडं घातलं, एकही दिवस न चुकता. एवढी चिकाटी माझ्या ओळखीत एकाच बाईकडे आहे. जिनं माझा पाढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला.

सोबत खोक्याचं चित्र आहे. कोंबडी आत शिरली की दार आपोआप पडतं आणि तू उघडेपर्यंत ती आतच. त्यामुळे अंडं कोणाचं यावर भांडण नाही. पायात घालायच्या कड्याही पाठवल्यात, प्रत्येकीवर आकडा आहे. करशील ना?

तुझी
भिंगरी


४ जुलै

भिंगरी,

करते. न करून जाते कुठं?

सुतारानं चित्र उलटं धरून पहिलं खोकं केलं, त्याचं दार वरच्या वर उडायला लागलं. मला म्हणाला, बाई, यात कोंबडी ठेवायची की पाखरू सोडायचं? मग मी चित्र सुलटं केलं. आता तीन खोकी झालीत, दारं धडाधड पडतात. पहिल्या दिवशी कोंबड्यांनी असा आरडाओरडा केला की समोरचे शिंपीदादा गळ्यात टेप घेऊन धावत आले.

तुझ्या कड्यांचं मात्र काही खरं नाही. आकडे आहेत की मुंग्या? ज्यानं कोरले त्याला म्हणावं, कोंबडी पंख फडफडवत असताना तिचा पाय धर आणि वाचून दाखव. कड्या डब्यात ठेवून दिल्या. शिंपीदादांकडून रंगीत चिंध्या आणल्या आणि एकेकीच्या पायाला बांधल्या. लाल, तपकिरी, हिरवी, निळी, पिवळी, पांढरी. सहाजणी. त्यातल्या लाल आणि तपकिरी एकाच खेपेच्या सख्ख्या बहिणी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. वहीत सहा रकाने आखलेत. दार उघडायचं, चिंधी बघायची, त्या रंगाखाली टिंब द्यायचं. आजपासून सुरू.

शिंपीदादा विचारत होते, अंडी मोजायला एवढं शिकावं लागतं का? मी म्हटलं, तुम्ही नाही का जन्मभर कापड मोजत बसलात.

ते राहू दे. तू केव्हा येणार? तीन वर्षं झाली. तुझ्या खोलीत मी अजून काही ठेवलेलं नाही. कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं स्वयंपाकघरात पायात येतं, पण तिथं नाही नेलं. खिडकीची कडी निघाली होती ती परवा बसवून घेतली.

आत्या


२० जुलै

आत्या,

चिंध्या चालतील. आमच्या केंद्रातल्या मॅडम हसल्या, म्हणाल्या, आपल्या कड्यांपेक्षा बऱ्या.

येण्याचं विचारतेस. तुला वाटत असेल मी दरवर्षी नवी सबब शोधते. आज खरं काय ते सगळं सांगून टाकते. आमच्या शेडमध्ये शिरायच्या आधी आंघोळ, इथलेच कपडे, आणि बुटांनाही औषधाच्या पाण्यात आंघोळ. इथल्या कोंबड्या सात पिढ्या बाहेरचा रोग लागू न देता वाढवल्यात. म्हणून नियम आहे की बाहेरच्या कोंबडीजवळ गेलेल्या माणसानं नंतर पंधरा दिवस शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. मला सलग सुट्टी मिळते बारा दिवस, आणि माझ्या शेडला दुसरं माणूस नाही. तुझ्या अंगणात कोंबड्या आहेत म्हणून मी तुझं डोकं खातेय, आणि तुझ्या अंगणात कोंबड्या आहेत म्हणूनच मला तिथं येता येत नाही. आहे की नाही मजा? मला तर अजिबात हसू येत नाही.

कोंबड्या विकते असं म्हणू नकोस हं. मी ओळखते तुला. त्या तुझ्या सोबतीला आहेत.

एक वाट आहे. एखाद्या कोंबडीनं वर्षात दीडशेचा टप्पा ओलांडला तर तिला बघायला केंद्र स्वतःचं माणूस पाठवतं. मग ती सुट्टी नाही, काम. शेडला बदली माणूस मिळतो आणि ते पंधरा दिवसही कामात धरतात. मॅडम म्हणाल्या, तुझ्या आत्याकडची निघाली तर तूच जा. देशीत दीडशे म्हणजे वाळूतून तेल काढण्यासारखं आहे. तरी सांगून ठेव आपल्या बायांना.

भिंगरी


२ डिसेंबर

भिंगरी,

उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली लिहायला बसायचं तर खिडकीशी दुपारचं ऊन यावं लागतं, आणि ऊन आलं की मला डुलकी लागते.

बातमी ऐक. लाल सुटलीय! सत्त्याहत्तर झाली. बाकीच्या पंचवीस-तीसवर रेंगाळतायत. तपकिरीचं तर नावच काढू नकोस. पाच-सहा घातली आणि ती बया बसलीय ती बसलीय. कधीही कोपऱ्यात हात घाल, अंग फुलवून तीच. पाण्यात बुडवून काढली, डालग्याखाली कोंडून ठेवली, सुटली की परत जागेवर. शेवटी मी म्हटलं, बस बाई. माझ्याच घरची शोभतेस.

मला तिचा राग येत नाही, खरं सांगू? दादा तुला माझ्या दारात सोडून जहाजावर गेला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. सहा महिन्यांत येतो म्हणाला होता. सगळे मला म्हणायचे, दुसऱ्याच्या अंड्यावर किती दिवस बसणार, स्वतःचं काही बघ. मी काही उठले नाही. खुडूक कोंबडीला अंडं कोणाचं ते कुठं कळतं? मला तर कळतही होतं, तरी बसले. तुम्ही खुणा बघून बघून हे बसणंच काढून टाकलंत तर अंडी ढीगभर होतील गं, पण मग ती उबवायची कोणी? विचार तुझ्या मॅडमना.

शिंपीदादा म्हणतात, तुमच्या भाचीची पत्रं झकास असतात. बुटांच्या आंघोळीचं तर त्यांना फारच आवडलं.

लालला रोज सांगते, दीडशे. मान वाकडी करून ऐकते.

आत्या


२८ डिसेंबर

आत्या,

सत्त्याहत्तर! मी तुझं पत्र घेऊन मॅडमच्या खोलीत तशीच घुसले, दारावर टकटकसुद्धा केली नाही. त्यांनी कागदावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाल्या, अशीच चालली तर दीडशे होतात. उबवणार कोण तेही विचारलं. म्हणाल्या, यंत्र. मग म्हणाल्या, तुझी आत्या हुशार आहे.

एक सांग, तुझ्याकडे कागद फार झालाय का? एका पानावर आठच ओळी, त्याही उतरत उतरत कोपऱ्यात जाऊन पडतात. मी असं अक्षर काढलं असतं तर पट्टी बसली असती. आणि माझी पत्रं शिंपीदादांना वाचून दाखवतेस होय? पुढच्या वेळी सांभाळून लिहायला हवं. त्यांनी माझ्या फ्रॉकची बाही उलटी लावली होती ते मी अजून विसरलेले नाही.

आता काम. लाल दीडशेच्या जवळ आली की सगळ्यांची पिसं पाठव. पंखाचं ताजं पीस, मुळासकट उपटलेलं. प्रत्येकीचं पाकीट वेगळं. वर रंग लिही आणि आत पायातल्या चिंधीचा छोटा तुकडा कापून टाक, म्हणजे पाकिटावरची शाई पुसली तरी घोळ नको. वहीची नक्कलही पाठव.

इथं माझ्या खोलीला एकच खिडकी, समोर पाण्याची टाकी. शेडवरून येते तेव्हा अंगाला औषधाचा वास येत असतो, कितीही साबण लाव. कधी कधी वाटतं, दुसरं काही नको, तुझ्या स्वयंपाकघरातल्या त्या लंगड्या स्टुलावर बसावं, तू भाजी चिरावीस आणि मी तोंड दुखेपर्यंत बडबडावं. तू मध्येच म्हणावंस, पुरे झालं, पाणी ठेव चहाला. फार आठवण येते गं.

भिंगरी


२० मे

भिंगरी,

एकशे बावन्न! अजून दीड महिना बाकी आहे.

काल सकाळी दार पडलं, लाल ओरडली, मी जाऊन अंडं हातात घेतलं आणि तशीच अंगणात उभी राहिले. गरम होतं. शिंपीदादांना हाक मारली तर त्यांना वाटलं मी पडले. ते अंडं मी त्यांनाच दिलं. माझ्या घशाखाली गेलं नसतं.

सहा पाकिटं पाठवतेय, वर रंग लिहिलेत, आत चिंध्या टाकल्यात. पिसं उपटताना दोघी-तिघींनी मला फोडून काढलं. वहीची नक्कल शिंपीदादांनी करून दिली, माझं अक्षर तुला आवडत नाही ना!

तपकिरी त्यांना देऊन टाकली. वर्षात नऊ अंडी, नुसती बसून खाते. त्यांच्याकडे कोंबडा आहे आणि अंगण मोठं आहे. जाताना तिच्यासाठी जीव तुटला, पण तुझ्या येण्याआधी घर जरा मोकळं हवं.

येशील ना आता? दीडशेचा शब्द तुमचा होता.

आत्या


२ जून

आत्या!

दहा जुलै. मॅडमनी सही केली. दहा जुलैला सकाळी मी तुझ्या दारात. तुझ्याकडे पाच दिवस, आणि पुढचे पंधराही शेडबाहेर काढायचे तर तुझ्याकडेच काढेन, कोंबड्या तेवढे दिवस शिंपीदादांच्या अंगणात, मला कोण अडवतंय! वीस दिवस, आत्या. पिसांचा निकाल महिनाअखेर येईल, तो हातात घेऊनच येते.

लालचं दर्शन घ्यायला अर्धं केंद्र तयार झालंय.

भिंगरी


११ जून

भिंगरी,

गादी उन्हात घातली. स्टुलाचा पाय सुतारानं ठोकून दिला, आता लंगडत नाही. तुला लंगडाच हवा होता का? तसं असेल तर पुन्हा काढून ठेवते.

लवकर ये म्हणत नाही, दहालाच ये. तेवढं थांबता येतं मला.

आत्या


२६ जून

आत्या,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय.

पिसांचा निकाल आला. लाल आणि तपकिरी, दोघींतही जास्त अंडी घालण्याची खूण नाही. दोघी पक्क्या खुडूक होणाऱ्या. मी दोनदा तपासलं. आधी मला वाटलं, काहीतरी नवीनच सापडलं, जगात कोणाला न दिसलेलं. दोन दिवस मी हवेत होते. मग मॅडमनी तुझी वही मागितली आणि त्या दोघींच्या रकान्यांवर बोट ठेवलं. अकरा महिन्यांत लाल सलग आठवडाभरसुद्धा थांबलेली नाही. आणि तपकिरी पाच-पाच महिने खुडूक. कुठली कोंबडी पाच महिने बसते गं? तीन-चार आठवड्यांत उठतातच, हे तूच मला लहानपणी सांगितलंस. दोघींची अंडी मिळवली तर एकशे एकसष्ट. निम्मी केली तर ऐंशी. दोन साध्यासुध्या कोंबड्या, एक बसायची तेव्हा दुसरी घालायची. तू सगळी टिंबं एकीच्या रकान्यात दिलीस.

का दिलीस तेही कळतंय. दीडशेचा आकडा मीच तुझ्या हातात दिला होता. पण आत्या, तुझ्याकडून? पाढ्यातला एक आकडा चुकला तर मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावणाऱ्या बाईकडून? हे माझं काम आहे. माझ्या शब्दावर त्यांनी तुझी वही घेतली होती. आता सहाही जणींच्या नोंदी अभ्यासातून काढल्यात. मॅडम मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तुला काय वाटतं, मला यावंसं वाटत नाही? रोज वाटतं. म्हणून मी खोटं लिहिलं का कुठं?

दहा जुलैचं येणं रद्द झालंय.

भिंगरी


३ जुलै

भिंगरी,

पत्र पोचलं.

हो, लबाडी केली. तुला बघावंसं वाटलं म्हणून टिंबं इकडची तिकडं केली. मॅडमना सांग, दोष म्हातारीचा आहे, पोरीचा नाही.

खोक्यांची दारं काढून टाकली. कोंबड्या मोकळ्या फिरतात.

जेवत जा वेळेवर.

आत्या


१९ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र मी पाट्या रंगवायच्या जाड पेनानं लिहितेय. एका पानावर पाच ओळी. म्हणून पाकीट एवढं फुगलंय. खिडकीशी बस, ऊन आलं की वाच, घाई नाही.

दीड महिना मी तुझ्यावर रागावून होते. परवा तुझी फाइल कपाटात ठेवायला म्हणून उचलली तर त्यातून पिसांची पाकिटं पडली. पाकिटं उघडून पिसं काढण्याचं काम आमच्याकडे दुसरी मुलगी करते, मला नुसती यादी मिळते. चिंध्या आतच राहिल्या होत्या. मी सहज उलट्या केल्या.

‘लाल’ लिहिलेल्या पाकिटात तपकिरी चिंधी. ‘तपकिरी’त लाल. ‘निळी’त हिरवी, ‘हिरवी’त निळी. फक्त पिवळी आणि पांढरी बरोबर.

जिला लबाडी करायची ती बाई चिंध्या जपून टाकेल. तू जपूनच टाकल्या होत्यास. तुला त्या दिसल्या नाहीत.

मग मी तुझी सगळी पत्रं जमिनीवर ओळीनं मांडली. पहिल्या पत्रात पानाला वीस ओळी. डिसेंबरात आठ. मे महिन्यात पाच, त्याही एकमेकींवर चढलेल्या. कड्यांवरचे मुंग्यांएवढे आकडे. लिहायला लागणारं दुपारचं ऊन. आणि शिंपीदादांना माझी पत्रं आवडतात! तू त्यांना वाचून दाखवत नव्हतीस. ते तुला दाखवत होते. मी त्यावर बाहीचा विनोद केला.

मी पिसाच्या मुळातली, डोळ्यांना न दिसणारी खूण शोधून काढते म्हणून पगार घेते. आणि तू वर्षभर पानं भरभरून मोठ्या अक्षरात सांगत होतीस, ते मला वाचता आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फार चुकलं गं माझं. तुझ्यापाशी येऊन मी पाढा पहिल्यापासून म्हणेन.

पण तू तरी ‘हो, लबाडी केली’ असं का लिहिलंस? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

मॅडमना सगळं सांगितलं आणि मला शेडमधून काढा म्हटलं. यापुढं मी कोंबड्या सांभाळणार नाही, नळ्या आणि कागद सांभाळेन. शेड दुसऱ्या मुलीकडे गेली. सातवी पिढी मी अंड्यातून बाहेर पडताना पाहिली होती, त्यामुळे बूट काढून ठेवताना रडले थोडी. पण आता मला कोणाच्याही अंगणातल्या कोंबडीजवळ जायला बंदी नाही. हवं तेव्हा, हवं तितके दिवस.

शनिवारी, एकतीस तारखेला येतेय. कोणत्याही कोंबडीला बघायला नाही.

तुझी
भिंगरी


२५ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं पत्र मी वाचलं. मी. कोणाला हाक न मारता. वाचायला दोन दुपारी लागल्या, पण सगळं वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. शिंपीदादा दारात येऊन उभे राहिले, पत्र आलं ना म्हणाले. मी म्हटलं, तुमचं काम नाही आज, शिवणावर बसा. बिचारे हिरमुसले.

तुझं ते रागाचं पत्र त्यांनीच वाचलं होतं. मध्येच थांबले आणि म्हणाले, पुढचं पुसलंय. मी म्हटलं, वाचा, माझ्या पोरीचं अक्षर पुसत नाही. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि चहा न घेता गेले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, साधं काम आहे, सोबतीला घरचं माणूस घेऊन या, तारीख देतो. घरचं माणूस म्हणजे तू. तुला कळवलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस, आणि मला तशी यायला नको होतीस. माझी कीव करत आलेली भिंगरी मला बघवली नसती. लबाड म्हणालीस ते परवडलं. लबाडाशी माणूस निदान भांडतं तरी.

पण एक खरं सांगते, मनात ठेवत नाही. तपकिरी शिंपीदादांकडे गेली आणि आठवड्याभरात रोज अंडं घालायला लागली. इकडं माझी लाल खुडूक होऊन बसली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की मी घोळ घातलाय. दार उघडायचं, अंधुक काहीतरी हलायचं, आणि मी म्हणायचे लालच ती. जी घालेल ती लाल, जी बसेल ती तपकिरी, असं मी धरूनच चालले होते. दुसऱ्या कोणाला विचारता आलं असतं. शिंपीदादा समोरच होते, एक हाक मारायची खोटी. मी मारली नाही. तेव्हा तुझ्या रागात निम्मं खरं होतंच.

लाल परवापासून पुन्हा बसलीय. या वेळी मी तिला पाण्यात बुडवली नाही. तपकिरीची अंडी शिंपीदादांकडून मागून आणली आणि काल तिच्या पोटाखाली सरकवली, नऊ. बहिणीची आहेत. एकदा चोचीनं सारखी केली आणि वर बसली.

काल ठेवली, म्हणजे पिल्लं चौदा सप्टेंबरला निघतील. तू एकतीसला येतेस. किती दिवसांसाठी येतेस ते तू लिहिलं नाहीस. डोळ्याचं काम दोन दिवसांत होईल गं, तेवढ्यासाठी तुला अडकवत नाही. पण पिल्लं निघेपर्यंत राहशील का?

आत्या